जिवलग मैत्रिणीने लग्न ठरल्याचं लपवलं, मैत्री तोडू का? (उत्तर लांब आहे, सवडीने वाच)

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत एकदा वाचला. वय ३१ लिहिलंयस म्हणून सरळ तूच म्हणते, मी बरीच पुढे आहे वयाने, चालवून घे.

तू जे लिहिलंयस ते थोडक्यात असं. सात वर्षांचं नातं आठ महिन्यांपूर्वी तुटलं. बारा वर्षांची जिवलग मैत्रीण पहिले दोन-अडीच महिने रोज रात्री फोनवर असायची, दोन-दोन वाजेपर्यंत. मग फोन कमी झाले, मेसेजची उत्तरं उशिरा यायला लागली, आणि मागच्या आठवड्यात भलत्याच कुणाच्या तरी स्टेटसवरून तुला कळलं की तिचं लग्न ठरलंय आणि लग्नानंतर ती दुसऱ्या देशात जाणार आहे. तुला राग आलाय, मत्सर वाटतोय, आणि मत्सर वाटतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटतेय. विचारलंयस की मैत्री तोडू का, आणि लग्नाला जाऊ की नको.

मी गेली १९ वर्षं समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे बायका ब्रेकअपचं दुःख घेऊन येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलणं मैत्रिणीवर येऊन थांबतं. हे इतक्यांदा झालंय की आता मी पहिल्याच भेटीत विचारून ठेवते, "हे सगळं सगळ्यात आधी कुणाला सांगितलंस? आणि ती आता कुठे आहे?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन येतं. दुसऱ्याला बऱ्याच जणी गप्प बसतात, आणि मग असं रडू येतं जे तो सोडून गेला तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

आधी एक कबुली. तुझ्या मैत्रिणीची बाजू मी ऐकलेली नाही, त्यामुळे मी जे सांगणार ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. ती आधीपासूनच तुझ्यापासून गोष्टी लपवत आली असेल, तू रडत रडत सांगितलेलं तिने चारचौघांत पोचवलं असेल, तुझ्या दुःखाची थट्टा केली असेल, किंवा तुला अंधारात ठेवून तुझ्या जुन्या जोडीदाराशी गोडीगुलाबी चालू असेल, तर पुढचं सगळं विसर, तिथे माझं उत्तर वेगळं आहे आणि ते छोटं आहे. पण तुझ्या लिहिण्यात असं काहीच नाहीये. उलट दोन-अडीच महिने रोज रात्री जागलेली बाई आहे. तेव्हा मी असं धरून चालते की ती बरी मैत्रीण आहे आणि काहीतरी बिघडलंय. आणि अजून एक, तुला झोप अजिबात लागत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर हे उत्तर वाचून पूर्ण करायच्या आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि आज रात्री एकटी राहू नकोस. मैत्रिणीचा प्रश्न कुठे पळून जात नाही.

आता मूळ मुद्दा. तू विचारतेयस की तिने केलं ते बरोबर की चूक. मला वाटतं तो खरा प्रश्नच नाही. तुझा प्रश्न वाचताना मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मला सापडली नाही. तू इतकं सविस्तर लिहिलंस, त्याने काय मेसेज केला होता तो शब्दन् शब्द लिहिलास, पण तिला हा मुलगा कुठे भेटला, ती खूश आहे का, सगळं सोडून परक्या देशात जायची तिला भीती वाटतेय का, तिची नोकरी तिथे चालू राहणार का, यातलं एक वाक्य नाही. तुला माहीतच नसेल. मी तुला दोष देत नाहीये, खरंच नाही, कारण ब्रेकअपनंतर हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. पण माझ्या मते घोळ इथेच आहे. गेले आठ महिने तुमच्या मैत्रीत एकाच बाईचं आयुष्य मावतंय. दुसरीचं आयुष्य बाहेर ताटकळत उभं होतं, आणि शेवटी ते दुसऱ्याच दारातून आत गेलं.

असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की स्वतःवरचा राग जरा कमी होतो. हेलन फिशर नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. नुकतीच नाकारली गेलेली पण अजून प्रेमात असलेली १५ माणसं घेतली, १० बायका आणि ५ पुरुष, आणि सोडून गेलेल्या माणसाचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूत काय चालतं ते स्कॅनमध्ये पाहिलं. मेंदूचे जे भाग जागे झाले त्यात बक्षिसाची ओढ आणि व्यसनाची तलफ यांच्याशी संबंधित भाग होते. म्हणजे तुला पहिले काही महिने जी तलफ येत होती, तोच विषय, तोच माणूस, तीच शेवटची भांडणं, ती अक्षरशः तलफ होती. आणि तलफ आलेल्या माणसाला समोरच्याचं काय चाललंय ते विचारायचं सुचत नाही.

मग मैत्रीण काय करते? ऐकते. चांगली मैत्रीण जास्त ऐकते. इथे एक गंमत आहे, खरं तर गंमत नाहीये. अमांडा रोज नावाच्या संशोधिकेने २००२ मध्ये एका सवयीला नाव दिलं, दोन मैत्रिणींनी मिळून एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसणं. मी त्याला आपल्या मराठीत जोडीने केलेला रवंथ म्हणते, क्लायंट हसतात पण शब्द लक्षात राहतो. रोज यांनी शाळकरी मुलामुलींवर अभ्यास केला होता, आणि २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जे दाखवलं ते असं की अशा रवंथाने मुलींची मैत्री जास्त घट्ट होत होती आणि त्याच वेळी त्यांची उदासी आणि चिंताही वाढत होती. दोन्ही एकदम. मुलांच्या बाबतीत मैत्री घट्ट होत होती पण उदासी तशी वाढत नव्हती. आता ही शाळेतली मुलं होती, तिशीतल्या बायका नव्हत्या, त्यामुळे जसंच्या तसं लावू नये, पण मी खुर्चीत बसून जे बघते ते याच्याशी जुळतं. रात्री दोनपर्यंतचे ते फोन तुम्हाला जवळ आणत होते, आणि तेच फोन तुम्हा दोघींना, हो दोघींना, आतून पोखरत होते. खपली धरायच्या आत रोज रात्री कुणीतरी ती उचलून बघत होतं, तेही प्रेमाने.

माझ्याकडे एक बाई यायची (तपशील बदललेत, ओळख पटणार नाही). तिचीही अशीच तक्रार, मैत्रीण बदलली, टाळते. मी तिला विचारलं, तुमच्या गेल्या महिन्याभराच्या व्हॉइस नोट फोनमध्ये आहेत का? होत्या. म्हटलं घरी जाऊन ऐक, स्वतःच्याच ऐक, तिच्या नको. पुढच्या आठवड्यात आली आणि म्हणाली, "मॅडम, मी अकरा मिनिटांच्या नोटच्या शेवटी म्हटलंय, बाकी तू कशी आहेस, आणि तिने उत्तर द्यायच्या आत लगेच पुढची नोट पाठवलीय." ती स्वतःच हसली आणि मग बराच वेळ रडली. त्या बाईला पुढे मला फारसं काही सांगावं लागलं नाही.

तुझ्या मैत्रिणीने का लपवलं, याबद्दल मी खात्रीने काही बोलू शकत नाही, पण लपवणाऱ्या बाजूला मी स्वतः होते म्हणून सांगते. खूप वर्षांपूर्वी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा घटस्फोट चालू होता, तो भयंकर होता, कोर्टकचेऱ्या, घर सोडणं, सगळं. त्याच काळात मला दिवस गेले. तिला मूल हवं होतं आणि झालेलं नव्हतं, तेही एक कारण होतं तिच्या घरातल्या भांडणांचं. मी आज सांगू, उद्या सांगू करत पाच महिने काढले. दर वेळी फोन यायचा, ती रडायची, आणि मला वाटायचं आत्ता या क्षणी माझी बातमी म्हणजे जखमेवर मीठ. मग बातमी जुनी होत गेली, आणि जुनी झालेली बातमी सांगणं अजून अवघड, कारण आता बातमीसोबत "इतके दिवस का नाही सांगितलंस" याचंही उत्तर द्यावं लागणार. म्हणून मी फोनच टाळायला लागले. तिला शेवटी तिसऱ्याच बाईकडून कळलं. तिने मला एकच वाक्य ऐकवलं, "माझ्या नवऱ्याला मी नको होते हे मी पचवलं, पण तुझा आनंद मला सोसवणार नाही असं तुलाच वाटलं?" मी त्या वेळी समुपदेशक होते, लोकांना शहाणपणा शिकवत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. लपवण्यात काळजी असते हे खरं, पण त्यात समोरचीला दुबळी ठरवणंही असतं. तुला जो राग आलाय ना, तो बहुतेक याचाच आहे, लग्नाचा नाही. आणि तो राग रास्त आहे. तिच्याकडे कारण होतं म्हणून तुला लागलं ते खोटं ठरत नाही.

आता मत्सराबद्दल, कारण तू त्या शब्दावर फार अडकलीयस. आपल्याकडे हेवा आणि मत्सर असे दोन वेगळे शब्द उगाच नाहीयेत. तिच्याकडे आहे ते मलाही असतं तर, हा झाला हेवा. तिच्याकडेही नसतं तर बरं झालं असतं, हा मत्सर. क्लायंटला मी विचारते, समज उद्या तिचं लग्न मोडलं असा फोन आला, तर पहिल्या क्षणी तुला काय वाटेल? दहातल्या नऊ जणी दचकतात. दचकलीस तर तो हेवा आहे, आणि हेवा म्हणजे तुला काय हवंय याचा पत्ता, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. क्षणभर बरं वाटेल असं मनात आलं तरी घाबरू नकोस, ताज्या जखमेत तेही येतं आणि जातं, फक्त त्या क्षणात फोन उचलून काही टाइप करू नकोस. माझा अनुभव असा की हेवा कबूल केला की निम्मा उतरतो आणि लपवला की त्याचाच मत्सर होतो. कबूल कुणाकडे, तर आधी स्वतःकडे, मग जमलं तर तिच्याकडेच. हो, तिच्याकडेच. "मला तुझ्यासाठी आनंद होतोय आणि माझ्या पोटात तुटतंय, दोन्ही एकदम होतंय" हे वाक्य मी कितीतरी जणींना पाठ करायला लावलंय, आणि ते ऐकून मैत्रीण नाराज झाली असं आजवर एखाददुसऱ्या वेळीच झालं असेल.

एक अभ्यास इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रेमात असलेल्या जोडप्यांवर काम केलं होतं. आपण समजतो की नातं टिकतं ते संकटात कोण धावून आलं यावर. त्यांना दिसलं असं की चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा कसा वागतो, यावरून नात्याचं पुढे काय होणार ते जास्त चांगलं कळतं, वाईट बातमीवरच्या वागण्यापेक्षाही. ती जोडपी होती, मैत्रिणी नव्हत्या, पण मला हे मैत्रीत जास्तच खरं वाटतं. दुःखात धावून जाणं तसं सोपं असतं, तिथे आपली भूमिका ठरलेली असते, आपण उपयोगी पडतो, मोठे वाटतो. तुमच्या मैत्रीची दुःखाची परीक्षा झाली आणि तिने ती चांगल्या मार्कांनी पास केली. आनंदाची परीक्षा अजून झालीच नाहीये, कारण तिने तुला पेपरच दिला नाही.

तर इथपर्यंत मी म्हणतेय ते एवढंच की ती पळून गेलेली नाही, बहुतेक दमलीय आणि अवघडलीय, आणि तू स्वार्थी नाहीस, तू तलफेत होतीस. मधल्या मध्ये मैत्री एका बाजूला कलली. ती सरळ करायची तर पहिली हालचाल तुझ्याकडून व्हावी असं मला वाटतं. न्याय म्हणून नाही हं, न्यायाने पाहिलं तर तिने आधी सांगायला हवं होतं. पण ती अवघडलेली आहे आणि अवघडलेला माणूस हलत नाही, रुसलेला एक वेळ हलतो.

काय करायचं ते सांगते. पहिली गोष्ट, छोटा मेसेज. मोठा नको. मी बघते ना, बायका दोन-दोन पानं लिहितात, त्यात सगळा हिशोब मांडतात, आणि वाचणारीला कळत नाही की उत्तर नेमकं कशाला द्यायचं. साधारण असं लिही: "तुझ्या लग्नाचं कळलं. दुसरीकडून कळलं म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय, तो कोण, कसा, तू कशी आहेस. या वेळी मी ऐकणार, माझं काही सांगणार नाही." बस. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण तिला बहुतेक हीच भीती आहे की बातमी सांगितली की बोलणं फिरून परत त्याच माणसावर येणार. असा मेसेज करायला संकोच वाटेल, तिला आता काय फरक पडतो असं वाटेल. त्यावर पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास आहे, त्यात हेच निघालं की आपण आपणहून साधलेला संपर्क समोरच्याला किती आवडेल याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमी असतो. माझ्या अनुभवात तर फारच कमी असतो.

दुसरी गोष्ट, तो पहिला फोन किंवा भेट. खरंच ऐक. त्याच्याबद्दल, म्हणजे तुझ्या त्याच्याबद्दल, एक शब्द नको. ती विचारेल, "तू कशी आहेस?" तेव्हा खोटं "मस्त" पण नको आणि अर्धा तासही नको, "अजून वाईट दिवस येतात पण कमी झालेत, ते पुढच्या वेळी सांगते, आज तुझं" एवढं पुरे. आणि आतून तुटायला लागलं तर सांगून थांब. एक क्लायंट अशा फोनवर मैत्रिणीला सरळ म्हणाली होती, "मला आता पाच मिनिटं रडून यायचंय, फोन ठेवू नकोस, मी आलेच." ती गेली, रडली, परत आली, आणि पुढे तासभर बोलल्या. मला हे फार आवडलं होतं.

लपवल्याबद्दल भांडायचं असेल तर भांड, पण त्याच दिवशी नको. आणि भांडताना "तू अशी कशी वागलीस" च्या ऐवजी "मला दुसऱ्याकडून कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले" असं जे घडलं ते सांग. तू लिहिलंयस ते प्रश्नात, तेच तिला सांग. कैफियत ऐकून माणूस बचाव करतो, घडलेलं ऐकून सहसा गप्प होतो.

तिसरी गोष्ट जरा कटकटीची आहे. ब्रेकअपचं दुःख अजून शिल्लक आहे आणि ते कुठेतरी जायला हवं, पण सगळंच्या सगळं एका मैत्रिणीवर नको. थोडं बहिणीवर, थोडं ऑफिसातल्या त्या समजूतदार बाईवर, थोडं वहीत, थोडं माझ्यासारख्या कुणावर, आम्ही त्याचेच पैसे घेतो. आणि मैत्रिणीशी त्या विषयावर बोलायचं तर वेळ बांधून घ्या, वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, मग विषय बदल. ऐकायला कोरडं वाटतं पण करून बघ, वीस मिनिटं ठरली की माणूस नेमकं बोलतो. गेलेल्या आठ महिन्यांत तुझ्या ओळखीचा परीघच आक्रसला असेल तर नवी माणसंही लागतील, आणि तिथे धीर धर, कारण जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात जवळची मैत्री व्हायला २०० तासांच्या वर सोबत लागते असा अंदाज निघालाय. म्हणजे दर आठवड्याला दोन तास भेटलीस तरी दोन वर्षं. म्हणून मी बारा वर्षांची मैत्री घाईने तोडायला सांगत नाही, त्यात किती तास पडलेत ते मोजून बघ.

आता रस्ते वेगळे होण्याबद्दल, ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "ती तिकडे गेली की संपलंच." मला वाटतं तुला जास्त भीती याची आहे. आणि तुला खोटा दिलासा देणार नाही, काहीतरी संपणार आहेच. रॉबिन डनबर म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसाच्या सगळ्यात आतल्या वर्तुळात साधारण पाचच माणसं मावतात असं ते सांगतात, आणि त्यांच्याच अभ्यासात आढळलं की नवं प्रेम आलं की त्या पाचातली सरासरी दोन माणसं बाहेर सरकतात. वेळच तेवढा असतो. तू सात वर्षं नात्यात होतीस, तेव्हा ती सरकली असेल का थोडी बाहेर? विचारून बघ स्वतःला, उत्तर मला देऊ नकोस. तेव्हा तिने कदाचित काही न बोलता वाट पाहिली असेल.

आणि हे फक्त लग्नाचं नाही. तिशीच्या आसपास एकीला मूल होतं, एकीला नको असतं, एकीला हवं असून होत नाही, एक वर चढत जाते, एक आईवडिलांच्या आजारपणात अडकते, एक एकटीच राहायचं ठरवते आणि बाकीच्यांना वाटतं हिला कुणी मिळालं नाही. ज्या मैत्रिणींचा दिवस सारखा होता त्यांचे दिवस वेगळे होतात, आणि मग बोलायला विषय सापडत नाहीत, खरं तर विषय असतात पण समोरचीला कळणार नाही असं आपणच ठरवून टाकतो. मैत्रीण दुरावण्याचं दुःख कुणी दुःख म्हणून मोजतही नाही. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये याच प्रकारच्या दुःखावर लिहिलं, ज्याला समाज मान्यताच देत नाही असं दुःख. ब्रेकअप झालं तर निदान लोक विचारतात. मैत्रीण दूर गेली तर कोण विचारतं?

माझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगते. वर्षभर आम्ही नीट बोललो नाही. मग हळूहळू सुरू झालं, तिच्याकडूनच. तिने पुन्हा लग्न केलं नाही, ठरवून, आणि ती फिरते भरपूर. मी मुलं, घर, काम यात. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा रविवारी सकाळी बोलतो, ती कुठल्यातरी स्टेशनवर असते आणि माझ्या मागे मिक्सर चालू असतो. पूर्वीसारखं आहे का? नाही. पूर्वी मला तिच्या आयुष्यातली बारीकसारीक गोष्ट माहीत असायची, आता मोठ्या गोष्टी कळतात आणि बारीक निसटतात, आणि मला ते अजूनही कधी कधी लागतं. पण माझा मुलगा आजारी होता तेव्हा पहिला फोन तिलाच गेला, आणि तिचं पुस्तक यायचं होतं तेव्हा त्याचं पहिलं पान मी वाचलं होतं.

तोडण्याचं म्हणशील तर मी असं बघते. तू मेसेज केलास आणि उत्तर आलं नाही, तर दोन आठवडे थांबून आणखी एकदा कर, तिसऱ्यांदा नको. फोन झाला पण तिने तुझं लागलेलं उडवून लावलं, "तू फारच मनाला लावून घेतेस" वगैरे, किंवा तू चार-पाच वेळा खरंच तिचं ऐकलंस आणि तरी ती काहीच सांगेना, तर दोर सैल सोड. सैल सोड म्हणतेय, काप नाही म्हणत. ब्लॉक करणं, ग्रुप सोडणं, सगळ्यांना सांगत फिरणं, हे सगळं राग आहे तोवर फार बरं वाटतं आणि नंतर परत यायला दार राहत नाही. सैल सोडलेली मैत्री पाच-सात वर्षांनी, कुणाच्या तरी आजारपणात किंवा कुणाच्या तरी आनंदात परत घट्ट झालेली मी पुष्कळदा पाहिलीय.

राहिला लग्नाला जायचा प्रश्न. आधी तो फोन होऊ दे, मग ठरव, न बोलता थेट तिथे जाऊन उभी राहू नकोस, दोघींनाही अवघड जाईल. फोन झाला आणि तिला तू हवी असशील तर जा, पण सगळे कार्यक्रम झेपणार नसतील तर एकच निवड आणि तिला आधीच सांग की एवढ्यालाच येणार आणि इतक्या वाजता निघणार. सोबतीला असं कुणीतरी ने ज्याला तुझं सगळं माहीत आहे आणि जो तुला "काय मग, तुझं कधी?" विचारणाऱ्यांपासून लांब ठेवेल. आणि जमणारच नसेल तर नको जाऊस, फक्त कारण खोटं देऊ नकोस, ऑफिसचं काम आलं वगैरे. "मला अजून झेपत नाहीये, तू जायच्या आधी एक दिवस मला दे, फक्त आपण दोघी" असं सांग. लग्नाच्या दिवशी तिच्याभोवती खूप माणसं असतील. तो जायच्या आधीचा एक दिवस मात्र तिलाही लागेल, सामान भरताना हात थांबतो तेव्हा शेजारी कुणीतरी हवं असतं.